‘एक विमान गमावले’ म्हणजे नक्की कोण?

स्मरणिकेसाठी लेख द्या, असे सचिवांनी सांगितले तेव्हा पाण्याची टाकी, सोसायटीची नोंदणी, पहिला गणेशोत्सव हे सगळे विषय इतरांनी आधीच वाटून घेतले होते. मी म्हटले, मला इतिहास द्या. ते म्हणाले, "काका, इतिहास आपल्या सोसायटीचा हवा." मी म्हणालो, पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे घरे बांधली ती शांततेत बांधली. ती शांतता कोणीतरी राखली होती, तेव्हा त्या बाजूचाही थोडा इतिहास असू द्या. त्यांनी मान डोलावली, म्हणून हे लिहितो आहे.

माझ्या पिढीला दोन युद्धे चांगली आठवतात. १९६५ साली मी शाळेत होतो आणि १९७१ साली कॉलेज संपवून नोकरीच्या शोधात होतो. पासष्ट साली यवतमाळात आमच्या गल्लीत दोन-तीन घरीच रेडिओ होते, आणि संध्याकाळच्या बातम्यांना त्या घरांच्या ओट्यावर गर्दी व्हायची. आम्हा पोरांना ‘नॅट’ आणि ‘सेबर’ ही विमानांची नावे पाढ्यासारखी पाठ होती. ट्रेव्हर कीलर यांनी नॅट विमानातून सेबरला नमवले, ही बातमी तर आम्ही एकमेकांना दहा वेळा सांगितली असेल. एक विमान, एक वैमानिक, समोरासमोर झुंज. पोरांना हे लगेच कळते, महाभारतासारखे वाटते.

बॉम्बर विमानाचे तसे नाही. बॉम्बर म्हणजे बॉम्ब टाकायला जाणारे मोठे विमान. ते रात्री निघते, अंधारात जाते, बॉम्ब टाकते आणि परत येते. त्यात झुंज नाही. त्यामुळे त्यातल्या माणसांच्या गोष्टी ओट्यावर कोणी सांगितल्या नाहीत. पेपरात आकड्यांची चौकट यायची, शत्रूची इतकी विमाने पडली, आपली इतकी. एकाहत्तरच्या १५ डिसेंबरला ‘लोकमत’ नागपूरहून दैनिक म्हणून निघू लागले. आपल्या यवतमाळात साप्ताहिक म्हणून वाढलेले हे वृत्तपत्र, त्यामुळे आम्हाला त्याचे कोण कौतुक! दुसऱ्याच दिवशी ढाक्यात शरणागती झाली. त्या आनंदात ‘आपले एक विमान गमावले’ या ओळीकडे कोण बघतो? मीही बघितले नाही. वय झाल्यावर युद्धावरची पुस्तके सवडीने वाचू लागलो, तेव्हा या ओळीपाशी अडखळलो.

आपल्या हवाई दलाकडे तेव्हा कॅनबेरा नावाचे बॉम्बर होते. ब्रिटनमधल्या इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचे हे जेट विमान १९४९ साली पहिल्यांदा उडाले. भारताने १९५७ मध्ये त्याची मोठी खरेदी केली. आग्रा हे कॅनबेराचे मुख्य घर आणि आपल्या पुण्याचे लोहगाव हे दुसरे. पुण्याच्या ३५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे हीच विमाने होती. १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले ते कॅनबेरांनीच. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेसाठी ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची सहा कॅनबेरा आफ्रिकेत कांगोला गेली. म्हणजे हे विमान आपल्याकडे चांगलेच रुळलेले होते.

कॅनबेरात दोन माणसे असायची, एक वैमानिक आणि दुसरा नेव्हिगेटर. वैमानिक म्हणजे ड्रायव्हर हे कोणालाही समजते. नेव्हिगेटरचे काम जरा समजावून सांगितले पाहिजे, कारण आज आपल्या खिशातला मोबाइल ‘डावीकडे वळा’ म्हणून सांगतो. तेव्हा उपग्रह नव्हते. रात्री खाली शत्रूचा मुलूख, सगळीकडे ब्लॅकआउट, एक दिवा दिसत नाही. नेव्हिगेटर समोर नकाशा, घड्याळ आणि पेन्सिल घेऊन बसायचा. विमानाचा वेग किती, वारा कुठून आणि किती जोराचा, निघून किती मिनिटे झाली, यावरून हिशेब करून तो सांगायचा की आपण या क्षणी अमुक ठिकाणी आहोत. त्यांचा एक ठोकताळा असतो. दिशा एक अंशाने चुकली, तर साठ मैलांवर तुम्ही एक मैल बाजूला जाता. आग्र्याहून पाकिस्तानातले सरगोधा सरळ रेषेत सुमारे साडेसातशे किलोमीटर आहे. एका अंशाची चूक म्हणजे बारा-तेरा किलोमीटर बाजूला. यवतमाळवर निघालेला माणूस अंधारात दारव्हा रोडवर कुठेतरी शेतात पोचेल, तसे. त्यातून हे सगळे ताशी सातशे-आठशे किलोमीटरच्या वेगात, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तेवढेच गणित.

आमच्या बँकेत रोजकीर्द जुळली नाही तर रात्री आठ-नऊपर्यंत बसून चूक शोधायचो. चूक सापडायची, घरी जायचो. नेव्हिगेटरला चूक शोधायला रात्र मिळत नाही. हे वाचल्यापासून मला या माणसांविषयी एक वेगळीच आपुलकी वाटते. कारण काम आमचेच, आकडेमोडीचे. जागा मात्र फार वेगळी.

आता ती जागा कशी होती ते बघा. भारताने घेतलेल्या बॉम्बर कॅनबेरात वैमानिक वर, काचेच्या घुमटाखाली बसे. त्याच्या खुर्चीला ‘इजेक्शन सीट’ म्हणतात. विमान पेटले, तर एक हँडल ओढायचे. खुर्चीखालचा स्फोटक दारू भरलेला भाग उडतो, माणूस खुर्चीसकट विमानाबाहेर फेकला जातो आणि पॅराशूटने खाली येतो. नेव्हिगेटरची जागा मात्र खाली, विमानाच्या नाकाडात होती. बॉम्बचा नेम धरायचा तेव्हा त्याला तिथे पालथे पडावे लागे. आणि त्याला इजेक्शन सीट नव्हती. विमान सोडायची वेळ आली, तर त्याने जागेवरून उठायचे, पॅराशूट सावरायचे, कडेच्या दारापर्यंत जायचे, दार उघडायचे आणि स्वतःला बाहेर झोकून द्यायचे. विमान सरळ उडत असेल तर हे जमण्यासारखे आहे. पण पेटलेले, गिरक्या घेत खाली येणारे विमान माणसाला भिंतीशी असे दाबून धरते की हातसुद्धा उचलत नाही.

विमान उत्तम होते, याबद्दल दुमत नाही. पण एकाच विमानात दोन माणसांच्या जिवाची तजवीज दोन प्रकारची होती, हेही तितकेच खरे.

२१ सप्टेंबर १९६५ ची गोष्ट. रात्रीच्या अंधारात ५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे एक कॅनबेरा सरगोध्यावरची कामगिरी करून परत येत होते. वैमानिक होते फ्लाइट लेफ्टनंट एम. एम. लोवे आणि नेव्हिगेटर फ्लाइंग ऑफिसर के. के. कपूर. फ्लाइंग ऑफिसर हा हवाई दलातला सुरुवातीचा हुद्दा, या हुद्द्यावरची मुले बहुधा विशीतली असतात. काम झाले होते, तोंड घराकडे होते, पंजाबातल्या फाजिल्काच्या बाजूची सरहद्द जवळ आली होती. पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटर विमानाने रडारच्या मदतीने त्यांना गाठले आणि मागून साइडवाइंडर क्षेपणास्त्र सोडले. हे क्षेपणास्त्र इंजिनाच्या उष्णतेचा माग काढत येते. ते लागले.

लोवे इजेक्शन सीटने बाहेर पडले, जिवंत राहिले, युद्धकैदी झाले आणि पुढे मायदेशी परतले. कपूर वाचले नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने युद्धविरामाचा ठराव २० सप्टेंबरलाच केला होता. तोफा थांबल्या त्या २३ तारखेच्या पहाटे. म्हणजे युद्ध संपणार हे जवळजवळ ठरलेले होते आणि तरी त्या मुलाला नकाशा गुंडाळून निघावे लागले. युद्धात असे कोणीतरी असतेच, की ज्याच्यापाशी येऊन हिशेब थांबतो. त्याचे नाव आपल्याला माहीत असावे, एवढेच माझे म्हणणे.

कोणी म्हणेल, ही नशिबाची गोष्ट आहे. एक वाचतो, एक जातो. मी हा विचार बराच केला. पण आणखी एक प्रसंग पुढे ठेवतो. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, आपले एक कॅनबेरा रावळपिंडीच्या परिसरात पाकिस्तानी सेबर विमानाने पाडले. ते फोटो काढणारे, टेहळणीचे कॅनबेरा होते. त्या प्रकारात दोघांनाही इजेक्शन सीट होती. स्क्वाड्रन लीडर सेनगुप्ता आणि फ्लाइट लेफ्टनंट रामपाल दोघेही जिवंत खाली उतरले आणि यथावकाश भारतात परतले. कंपनी तीच, घराणे तेच. फरक एका खुर्चीचा. तेव्हा सगळे नशिबावर ढकलता येत नाही. काही गोष्टी कागदावर, नकाशा आखणाऱ्याच्या टेबलावर आधीच ठरलेल्या असतात. ते टेबल इंग्लंडातले होते आणि आपल्याकडे तेव्हा पर्याय थोडे होते, हेही मान्य करतो.

युद्धाच्या बहुतेक पुस्तकांत कपूरांच्या वाट्याला अर्धी ओळ येते. ‘वैमानिक बचावला, नेव्हिगेटर ठार.’ कित्येक ठिकाणी तेवढेही नाही, फक्त ‘एक कॅनबेरा गमावले.’ बँकेत नव्याने लागलेल्या पोराला आम्ही पहिली गोष्ट शिकवायचो ती ही, की प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. एक बाजू लिहून खाते बंद करता येत नाही. इथे मात्र विमानाची बाजू लिहिली आणि माणसाची कोरी राहिली.

एकाहत्तरमध्ये हा प्रश्न आणखी अवघड झाला. ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि त्याच रात्री आपली कॅनबेरा सरगोधा, मियांवाली, शोरकोट अशा तळांवर जाऊन आली. त्या पहिल्या काही रात्रींत जी परतली नाहीत, त्यांतल्या एका कॅनबेरात फ्लाइट लेफ्टनंट एल. एम. ससून आणि फ्लाइट लेफ्टनंट आर. एम. अडवाणी होते. या दोघांच्या नावापुढे ‘ठार’ असेही लिहिले गेले नाही. लिहिले गेले ‘बेपत्ता’.

याच यादीत एक मराठी नाव आहे, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. हे सुखोई-७ विमानाचे वैमानिक, ३२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधले. सुखोई-७ हे लढाऊ-बॉम्बर, म्हणजे बॉम्ब टाकायला जाणारे, पण एकाच माणसाचे विमान. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात शोरकोटच्या तळावर हल्ला करायला गेलेले तांबे परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे म्हणजे बॅडमिंटनमधल्या राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. ढाक्याहून निघणाऱ्या एका पाकिस्तानी इंग्रजी दैनिकात पकडलेल्या भारतीय वैमानिकांमध्ये तांबे या नावाशी मिळतेजुळते नाव छापून आले होते, असा दाखला कुटुंबीय देत आले. पाकिस्तानने मात्र आपल्याकडे असे कोणी कैदी नाहीत, हेच कायम सांगितले. सिमला करार झाला, आपण ९३ हजार युद्धकैदी परत पाठवले, आपले कैदी परत आले. त्यांत तांबे नव्हते. सैन्यातले आणि हवाई दलातले मिळून असे ५४ जण बेपत्ता धरले जातात. २००७ मध्ये त्यांच्यातल्या काहींचे नातेवाईक पाकिस्तानातल्या तुरुंगांत जाऊन शोधून आले. हाती काही लागले नाही.

बेपत्ता या शब्दाचे ओझे काय असते, हे मला नोकरीत कळले. आपल्या कायद्यात अशी तरतूद आहे की एखादा माणूस सात वर्षे त्याच्या जवळच्या लोकांना दिसला नाही, त्याची काही खबर नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. माझ्या नोकरीच्या काळात ते १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १०८ होते. थोडक्यात, सात वर्षांनी कागदावर मृत्यू धरता येतो. आमच्याकडे अशा खातेदारांचे दावे यायचे. आर्णीच्या बाजूला एका शाखेत असताना एक म्हातारी यायची. तिचा मुलगा कामधंद्याला म्हणून मुंबईला गेला तो गेलाच. खात्यात थोडी रक्कम होती आणि तिला पैशाची नड होती. मी समजावून सांगितले, की माय, सात वर्षे झाली आहेत, एवढ्या कागदावर अंगठा दे, बाकीचे मी बघतो. तिने विचारले, यात काय लिहिले आहे? मी सांगितले. ती म्हणाली, "सायेब, सात वर्सं झाली म्हनून माह्या पोराले मेला कसा म्हनू मी? भाकर त अजून टाकते त्याच्या नावाची." अंगठा न देता ती निघून गेली. पुन्हा चार-सहा महिन्यांनी आली आणि तेव्हा मुकाट्याने अंगठा दिला. तिने काहीच बोलले नाही. मीही काही विचारले नाही.

म्हणून मला वाटते, मेलेल्या सैनिकाच्या घरी निदान एक तारीख असते. त्या तारखेला फोटोला हार घालता येतो. बेपत्ता सैनिकाच्या घरी हार घालायलाही हात धजावत नाही. कपूरांच्या घरी तारीख आली. तांबे, ससून, अडवाणी यांच्या घरी तीही आली नाही. आणि पेपरातल्या चौकटीत तिन्ही ठिकाणी सारखेच लिहिले गेले, एक विमान गमावले.

या विषयावर आमच्या सकाळच्या फिरायच्या कट्ट्यावर वादही झाला. एक मित्र म्हणाले, अहो युद्धात हजारो जातात, एकेकाचे नाव कोण लक्षात ठेवणार? आकडेच ठेवावे लागतात. बरोबर आहे. सरकारला आकडे ठेवावेच लागतात, आकड्यांशिवाय राज्य चालत नाही. मी स्वतः आकड्यांवर पोट भरले. पण आकडा कशाचा ठेवायचा, हे आपण ठरवू शकतो ना? विमाने मोजली तर विमानेच सुधारतात. माणसे मोजली तर माणसाच्या खुर्चीकडे लक्ष जाते.

आणि ते गेलेही. कॅनबेरा हवाई दलातून ११ मे २००७ रोजी आग्र्यात समारंभपूर्वक निवृत्त झाले, जवळजवळ पन्नास वर्षांच्या नोकरीनंतर. आमच्या बँकेतही एवढी सर्व्हिस कोणाची होत नाही! आज पुण्याच्या लोहगाव तळावर सुखोई-३० विमाने आहेत. त्यांतली बरीच आपल्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात तयार झाली. त्यातही दोनच माणसे बसतात, पुढे वैमानिक आणि मागे यंत्रणा सांभाळणारा दुसरा अधिकारी, म्हणजे जुन्या नेव्हिगेटरचाच वारस म्हणा. पण या विमानात दोघांनाही इजेक्शन सीट आहे. विमान जमिनीवर उभे असतानाही ती माणसाला बाहेर काढू शकते. ही सोय कोणी भेट म्हणून दिलेली नाही. जगभरच्या हवाई दलांत जे दुसऱ्या जागेवरचे लोक गेले, त्यांच्या जिवावर हे शहाणपण आले आहे.

दिल्लीला इंडिया गेटजवळ २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारक खुले झाले. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या सुमारे २६ हजार सैनिकांची नावे तिथे ग्रॅनाइटच्या विटांवर कोरली आहेत. एका विटेवर एक माणूस. तिथे विमानांची, रणगाड्यांची बेरीज नाही. मला ही पद्धत पटली. दिल्लीला कोणी गेलात तर लाल किल्ला आणि खरेदी यांतून दोन तास तिथे जरूर काढा, आणि नातवंडांना सोबत न्या.

आपल्या जिल्ह्यातूनही मुले सैन्यात जातात. कोणाचा भाचा, कोणाचा पुतण्या, कोणाच्या गावचा शेजारी. त्यांच्यातले सगळेच काही वैमानिक होणार नाहीत. कोणी रडारसमोर बसेल, कोणी विमानाला इंधन भरेल, कोणी दुसऱ्या जागेवर बसून नकाशा सांभाळेल. त्यांच्या कामाविषयी आपण घरात बोललो पाहिजे. कार्यकारिणीला माझी एक सूचना आहे, ती या निमित्ताने लेखी देऊन ठेवतो. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आपण मुलांना प्रश्नमंजुषेत ‘पासष्टच्या युद्धात आपली किती विमाने पडली’ असे प्रश्न विचारतो. त्याऐवजी दरवर्षी एका मुलाने एका सैनिकाविषयी पाच मिनिटे बोलावे. नाव, हुद्दा, त्याचे काम काय होते, आणि तो त्या दिवशी कुठे निघाला होता. एवढेच. पहिल्या वर्षासाठी नाव मी सुचवतो, फ्लाइंग ऑफिसर के. के. कपूर, नेव्हिगेटर. नकाशा दाखवायला मी येईन.